डोळ्यांत तेल घालून

नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात जुन्या कालव्यावर एक जलद्वार आहे, वेर्डस्लाउस नावाचं. बोट आली की ते उघडायचं, दोन्हीकडची पाण्याची पातळी सारखी करायची आणि बोट पुढे सोडायची, एवढंच त्याचं काम. मार्च ते मे या महिन्यांत तिथे बोटींची फारशी वर्दळ नसते, म्हणून दार बंदच असतं. नेमके याच महिन्यांत मासे अंडी घालायला उथळ पाण्याकडे निघतात आणि शहराच्या पोटातून जाणाऱ्या त्यांच्या वाटेवर हे दार आडवं येतं. मग ब्रीम, पर्च, पाइक असे नाना जातींचे मासे दारापाशी ताटकळत राहतात आणि पाणकावळ्यांच्या तोंडी आयतेच सापडतात.

तिथल्या पर्यावरण अभ्यासकांनी 2021 साली यावर एक साधा उपाय काढला. दारापाशी पाण्याखाली कॅमेरा बसवला, त्याचं थेट चित्रण इंटरनेटवर सोडलं आणि चित्राशेजारी एक बटण दिलं. मासा दिसला की ते दाबायचं. दाबताक्षणी फोटो निघतो. बरेच मासे जमलेत असं त्या फोटोंवरून कळलं की दार सांभाळणारा माणूस दार उघडतो. माशांसाठी दारावरची बेल, आणि ती वाजवायची कुणी? जगात कुठेही बसलेल्या तुम्ही आणि मी.

मी ती वाजवली आहे. आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा म्हणजे तिकडे आठ. पडद्यावर हिरवट, गढूळ पाणी. शेवाळाचे तुकडे डावीकडून उजवीकडे वाहत जातात. काचेवर एक गोगलगाय चिकटलेली असते आणि ती इतकी सावकाश सरकते की मधे उठून पाणी पिऊन आलं तरी जागच्या जागीच वाटते. बराच वेळ काहीच होत नाही. मग अचानक पाण्यातला अंधार जरा दाट होतो, त्याला आकार येतो, अंगावरचे उभे पट्टे दिसतात आणि एक पर्च कॅमेऱ्यासमोर येऊन थांबतो. कल्ले उघडझाप करत असतात. त्या क्षणी बटणावर बोट ठेवताना छातीत जे होतं ते मला नीट सांगता येणार नाही. आपण जिथे कधी गेलो नाही, बहुधा जाणारही नाही, अशा गावातला एक मासा, आणि त्याचं काहीतरी आपल्या बोटावर अवलंबून.

हे मी लांज्याच्या मामीला दाखवलं. तिने चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं आणि पहिलाच प्रश्न केला, “चढणीचे मासे ना गं हे?” कोकणातल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. मृगाचे पहिले जोराचे पाऊस झाले की वहाळ भरतात, शेतांत पाणी चढतं आणि मासे त्या पाण्याबरोबर वर चढायला लागतात. कुठे त्यांना वलगणीचे म्हणतात, कुठे चढणीचे. रात्री बॅटऱ्या आणि कोयते घेऊन गावच्या गाव पाण्यात उतरतं. मामी म्हणाली, “आमच्याकडे दार उघडायला कोण बसणार? आम्ही तर वाटेवरच बसतो.” आणि थोडं थांबून, “पोटात अंडी असतात गं त्यांच्या. हल्ली मिळतात कुठे पूर्वीसारखे.” मामी चढणीचे मासे चवीने खात आली आहे आणि ते कमी झाल्याचं दुःखही तिलाच सगळ्यात जास्त आहे. उट्रेख्तच्या त्या बेलबद्दल मी आजवर जेवढं वाचलं, त्यात तिच्या या वाक्याइतकं मनात रुतून बसलेलं दुसरं काही नाही. तिच्या वहाळावर चार दिवस कुणी थांबलं, किती मासे चढले याची नोंद केली, तर काय कळेल, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

इंटरनेटवर चमत्कारिक, विचारात पाडणाऱ्या गोष्टी गोळा करायचा मला अनेक वर्षांचा नाद आहे. ब्राउझरमध्ये दुव्यांचं एक भलंमोठं गाठोडं साठलंय. मध्यंतरी ते उलगडून बसले तेव्हा ध्यानात आलं की ज्या गोष्टींकडे मी पुन्हा पुन्हा जाते त्या सगळ्या एकाच कुळातल्या आहेत. कुणीतरी कुठेतरी एखाद्या लहानशा, संथ, इतरांना बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलेलं आहे. फोन आपलं लक्ष पळवतो ही तक्रार आपण रोज करतो आणि ती खरीच आहे. पण त्याच फोनवर अशाही जागा आहेत जिथे माणसं आपणहून, कुणी पैसे देत नसताना, आपलं लक्ष कशाला तरी वाहतात. मला इंटरनेट आवडतं ते या जागांमुळे.

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात क्वीन्सलंड विद्यापीठ आहे. तिथल्या पदार्थविज्ञान विभागात एका काचेच्या घंटेखाली नरसाळं ठेवलंय आणि त्यात पिच, म्हणजे डांबराच्या जातीचा काळा पदार्थ. हातोडा मारला तर काचेसारखे तुकडे होतात. थॉमस पार्नेल या प्राध्यापकांना विद्यार्थ्यांना दाखवायचं होतं की हा पदार्थ घन दिसत असला तरी तो खरं तर वाहतो. 1927 साली त्यांनी पिच तापवून नरसाळ्यात ओतलं, ते नीट बसावं म्हणून तीन वर्षं तसंच ठेवलं आणि 1930 मध्ये नरसाळ्याचं टोक कापलं. पहिला थेंब पडला 1938 मध्ये. पिच पाण्याच्या सुमारे 23 हजार कोटी पट दाट आहे असा हिशेब त्या थेंबांवरूनच निघाला. पार्नेल 1948 साली वारले. तोपर्यंत दोन थेंब पडले होते. आजवर पडलेत नऊ.

1961 पासून या प्रयोगाची राखण जॉन मेनस्टोन यांच्याकडे आली आणि त्यांनी ती बावन्न वर्षं केली. त्यांची गोष्ट वाचताना माझा जीव दर वेळी खालीवर होतो. 1979 चा थेंब पडायला आला होता, पण तो शनिवार-रविवार ते विद्यापीठात गेले नाहीत आणि तेवढ्यात तो पडून गेला. 1988 मध्ये ब्रिस्बेनला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्यात हे नरसाळं मांडलं होतं. मेनस्टोन काहीतरी प्यायला म्हणून काही मिनिटं बाजूला गेले आणि परत येईतो थेंब खाली. 2000 साली ते परदेशात होते, पण आता कॅमेरा लावलेला होता, चिंता नव्हती. ऐन वेळी कॅमेरा बंद पडला. मग नवव्या थेंबाची वाट पाहणं सुरू झालं. विभागात आता वातानुकूलन होतं, खोली गार असायची, म्हणून थेंब आणखी सावकाश लोंबायला लागला. ऑगस्ट 2013 मध्ये मेनस्टोन गेले. थेंब एप्रिल 2014 मध्ये पडला.

त्याच्या आदल्या वर्षी, जुलै 2013 मध्ये, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात 1944 पासून चाललेल्या अशाच एका प्रयोगातला थेंब पहिल्यांदा कॅमेऱ्यात पकडला गेला. म्हणजे मेनस्टोन हयात असतानाच, फक्त दुसऱ्याच्या नरसाळ्यातला. ब्रिस्बेनच्या नरसाळ्यावर आता थेट चित्रण चोवीस तास चालू असतं आणि जगभरातली माणसं दहाव्या थेंबावर नजर ठेवून आहेत. मीही अधूनमधून जाऊन येते. तिथे बघण्यासारखं म्हणाल तर काही नाही. एक काळी गोळी लोंबते आहे. कालच्यासारखीच आज आहे.

या प्रयोगाकडे पाहून पुष्कळांना हसू येतं आणि त्याला विनोदी संशोधनासाठी दिलं जाणारं इग नोबेलही मिळालं आहे. मला मात्र त्यात एक मोठं धाडस दिसतं. पार्नेलनी सुरू केलेली गोष्ट आपल्या हयातीत पूर्ण होणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. मेनस्टोननाही ठाऊक होतं की पडणारा थेंब पाहिल्याने पिचबद्दल फारसं नवं कळणार नाही. तरी ते वाट पाहत राहिले, आणि ज्या विद्यार्थ्यांनी येता-जाता ते नरसाळं पाहिलं त्यांना पदार्थ वाहतो म्हणजे काय हे आयुष्यात विसरता येणार नाही. आपल्याकडच्या किती महाविद्यालयांत असं काही आहे, जे मुलगी शिकत होती तेव्हा चालू होतं आणि तिचा मुलगा शिकायला आला तेव्हाही चालू आहे? मी माझ्या कॉलेजचं आठवून पाहिलं. एक जुना वड होता, तो रस्तारुंदीत गेला.

नासाच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेचं एक पान आहे. त्यावर व्हॉयेजर-1 हे यान पृथ्वीपासून किती लांब आहे याचा आकडा सतत फिरत असतो. 5 सप्टेंबर 1977 ला निघालेलं हे यान आता 24 अब्ज किलोमीटरच्याही पुढे गेलंय. गंमत अशी की दर वर्षी काही महिने हा आकडा वाढायच्या ऐवजी कमी होत जातो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं पान बिघडलंय. मग कारण कळलं. यान सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगाने दूर जातंय, पण पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला 30 किलोमीटरने फिरते. वर्षाचे काही महिने आपली फेरी यानाच्या दिशेने असते, तेव्हा आपणच त्याला गाठायला निघाल्यासारखे त्याच्या जवळ जातो. मग वळण येतं आणि अंतर पुन्हा वाढायला लागतं.

नोव्हेंबर 2023 मध्ये हे यान अर्थहीन आकडे पाठवायला लागलं. यानावरच्या संगणकातली एक चिप निकामी झाली होती. तेव्हा इथून संदेश पाठवायचा तर जायला साडेबावीस तास लागत, उत्तर यायला तेवढेच. म्हणजे एक प्रश्न विचारायचा आणि दोन दिवस गप्प बसायचं. त्या चिपमध्ये असलेला प्रोग्रॅम अभियंत्यांनी तुकडे करून इतर जागी हलवला आणि एप्रिल 2024 मध्ये यान पुन्हा नीट बोलू लागलं. त्याच यानावर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली ध्वनिमुद्रिका आहे आणि तिच्यात गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. यान सुटल्यावर अकरा दिवसांनी, 16 सप्टेंबर 1977 ला, केसरबाई गेल्या. हे मला कळलं तेव्हा रात्र बरीच झाली होती. मी ती भैरवी लावली आणि आकडा फिरताना पाहत बसले. तो त्या दिवशी कमी होत होता.

पण सगळ्याच गोष्टींवर वेळेत लक्ष जातं असं नाही. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर ओओ नावाचा एक पक्षी होता, कवाई ओओ. काळपट अंग आणि पायांवर पिवळी पिसं. बाहेरून आलेले उंदीर, डासांनी आणलेला हिवताप आणि घटतं जंगल यांनी तो संपत आला. 1980 च्या दशकात एक जोडी उरली होती. 1982 च्या चक्रीवादळानंतर मादी दिसली नाही. नर शेवटचा दिसला 1985 मध्ये, त्याचा आवाज शेवटचा ऐकू आला 1987 मध्ये. त्याच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण इंटरनेटवर आहे आणि लाखो लोकांनी ते ऐकलंय. बासरीसारखा स्वर चढतो, थांबतो, पुन्हा चढतो. त्याच्याबरोबर मोहोइडी हे पक्ष्यांचं अख्खं कुळ पृथ्वीवरून गेलं. मी ते ध्वनिमुद्रण कुणाला सहसा पाठवत नाही. एकट्याने ऐकायची तयारी असेल त्याने शोधून ऐकावं.

याच्या उलट गोष्ट आपल्या नंदुरबारची आहे आणि ती महाराष्ट्रात जेवढी सांगायला हवी तेवढी सांगितली जात नाही. रानपिंगळा हे छोटं घुबड 1884 नंतर खात्रीने कुणी पाहिलंच नव्हतं. मधे 1914 सालचा म्हणून एक नमुना लंडनच्या संग्रहालयात होता आणि त्याच्या चिठ्ठीवर गुजरातेतल्या एका ठिकाणाचं नाव होतं. शोध घेणारे तिकडे जात आणि रिकाम्या हाताने परतत. पॅमेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिकेने संग्रहालयातले पक्षी एकेक करून तपासले, पिसं, टाके, कापूस सगळं, आणि दाखवून दिलं की तो नमुना दुसऱ्याच कुणाचा चोरलेला आहे आणि चिठ्ठी खोटी आहे. मग तिने आणि सहकाऱ्यांनी खऱ्या जुन्या नोंदींच्या जागा धरल्या. नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात एका उघड्या फांदीवर, भरदिवसा, रानपिंगळा बसलेला सापडला. 113 वर्षांनी. पुढे मेळघाटात आणि मुंबईपासून फार लांब नसलेल्या तानसाच्या जंगलातही तो आढळला. पक्षी तिथेच होता. त्याला शोधणाऱ्यांना एका खोट्या चिठ्ठीने भलतीकडे पाठवलं होतं.

नोंद खरी असण्याला एवढं महत्त्व का, हे मला या गोष्टीने जितकं पटवलं तितकं कुठल्या व्याख्यानाने पटवलं नसतं.

आता घरातल्या गोष्टीकडे येते. हेमा राईरकर आणि गी पॉटव्हँ हे दोघे पुण्यात राहून मुळशी-मावळच्या डोंगरी भागात काम करत होते. गावोगावच्या बायकांशी बोलता बोलता त्यांच्या हाती जात्यावरच्या ओव्यांचा खजिना लागला आणि त्यांनी तो टिपून ठेवायला घेतला. बर्नार बेल हे संगीताचे आणि संगणकाचे जाणकार पुढे त्यांना येऊन मिळाले. महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. गी 2004 मध्ये गेले, हेमाताई 2010 मध्ये. पी. साईनाथांनी उभ्या केलेल्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने 2017 पासून त्या ओव्या शब्द, आवाज आणि चित्रणासह इंटरनेटवर आणायला सुरुवात केली.

मी सुरुवातीला त्या कौतुकाने ऐकल्या, आजीची आठवण म्हणून. काही दिवसांनी ते कौतुक बाजूला राहिलं. या बायका काय काय बोलतात! भाऊ भेटायला येत नाही, सासरी मीठसुद्धा मोजून मिळतं, सीतेला वनवास दिला तेव्हा रामाचं काय चुकलं, पंढरीची वाट, लेकीचं लग्न, पहाटेचा थकवा. मराठवाड्यातल्या, माजलगावसारख्या ठिकाणच्या दलित बायकांच्या ओव्यांत बाबासाहेब येतात, आणि ते पुतळ्यातले येत नाहीत, घरच्या माणसासारखे येतात. एक बाई ओळ टाकते, दुसरी उचलते. मधेच कुणी अडखळतं, सगळ्या हसतात, पुन्हा पहिल्यापासून. एका ध्वनिमुद्रणात मागे कोंबडी ओरडते आणि कुणीतरी तिला हुसकावतं. तेवढा तो “हाड” मी कितीदा ऐकला असेन.

गावात विजेची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं, हे चांगलंच झालं. पहाटे तीनला उठून दळणाऱ्या बाईला तुम्ही विचारलंत तर ती हेच सांगेल. जातं परत यावं असं मला मुळीच वाटत नाही. पण जात्यापाशी, घरातलं कुणी ऐकत नसताना, जे बोललं जात होतं ते बोलायची जागाही जात्याबरोबर गेली. ती माणसं लिहीत नव्हती, त्यांचं कुणी छापत नव्हतं. हेमाताई आणि गी तेव्हा त्या ओट्यांवर जाऊन बसले नसते, तर आपल्या आज्या-पणज्यांना रामाबद्दल काय वाटत होतं हे आपल्याला कधी कळलंच नसतं. मराठी साहित्याच्या अभ्यासक्रमात या एक लाख ओव्यांना जेवढी जागा मिळायला हवी त्याच्या शतांशही मिळालेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटची गोष्ट पावसाची. ब्रिटनमध्ये पाऊस मोजणाऱ्या हौशी लोकांची फार जुनी परंपरा आहे. जॉर्ज सायमन्स नावाच्या माणसाने 1860 च्या सुमारास त्यांना एकत्र बांधलं. पाद्री, डॉक्टर, शाळामास्तर, बागांचे माळी, जमीनदारांच्या बायका असे सगळे रोज सकाळी पर्जन्यमापक उघडून आकडा लिहीत. नॉरफोकच्या लेडी बेनिंग 1835 पासून 1887 पर्यंत पाऊस मोजत होत्या. लंडनला मेजवान्यांच्या हंगामासाठी जायच्या तेव्हा पर्जन्यमापक बरोबर घेऊन जायच्या. या सगळ्यांचे हाताने लिहिलेले सुमारे 65 हजार तक्ते हवामान खात्याच्या संग्रहात पडून होते. एकेका तक्त्यावर एका ठिकाणचा दहा वर्षांचा, महिनावार पाऊस. जुन्यात जुनी नोंद 1677 ची. त्यांचे फोटो काढलेले होते, पण संगणकाला ती वळणदार अक्षरं वाचता येत नव्हती.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, माणसं घरात अडकली. रेडिंग विद्यापीठातले हवामानशास्त्रज्ञ एड हॉकिन्स यांनी तो ढीग इंटरनेटवर मांडला आणि लोकांना म्हटलं, एकेक रकाना वाचा आणि आकडा टाइप करा. चूक राहू नये म्हणून एकच आकडा अनेकांनी वेगवेगळा टाइप करायचा. सोळा हजारांवर माणसं आली. हे काम महिनोन् महिने चालेल असा अंदाज होता. ते सोळा दिवसांत संपलं. बावन्न लाख आकडे. त्या आकड्यांमुळे ब्रिटनच्या पावसाची अधिकृत मालिका 1862 वरून 1836 पर्यंत मागे गेली. सगळ्यात कोरडं वर्ष 1855 ठरलं, सगळ्यात कोरडा महिना मे 1844, अवघे 8.3 मिलिमीटर. लेडी बेनिंगनी लिहिलेल्या आकड्यांना दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी काम मिळालं, आणि ते दिलं कुणी, तर महासाथीच्या भीतीत घरात बसलेल्या, त्यांच्या कुणी न लागणाऱ्या माणसांनी.

हे वाचलं तेव्हा मला माझे वडील आठवले. ते शाळामास्तर होते आणि शाळेच्या आवारातल्या पर्जन्यमापकाचा आकडा रोज सकाळी साडेआठला घ्यायचे. सुट्टीतही. परगावी जायचं झालं तर शेजारच्या मुलाला दोन दिवस आधी शिकवून ठेवायचे: नळी डोळ्याच्या रेषेत धर, पाण्याचा खोलगट भाग बघ, कडा बघू नकोस. पाऊस पडला नाही त्या दिवशी शून्य लिहायचं, रकाना कोरा ठेवायचा नाही, यावर त्यांचा फार कटाक्ष होता. कोरा म्हणजे कुणी पाहिलं नाही. शून्य म्हणजे पाहिलं आणि नव्हता.

आपल्याकडे पावसाचा आकडा ही हौसेची गोष्ट नाही. चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर त्या महसूल मंडळात अतिवृष्टी धरली जाते आणि नुकसानभरपाईचं सगळं पुढचं त्या आकड्यावर ठरतं. एका गावात ढगफुटी होते आणि मंडळाच्या ठिकाणी यंत्र कोरडं असतं, मग कागदोपत्री त्या गावात पाऊस झालेलाच नसतो. शेतकरी तहसीलसमोर उभा राहून सांगतो की माझं सोयाबीन पाण्याखाली गेलं, आणि समोरून विचारलं जातं, नोंद कुठे आहे? मुंबईत कुलाब्याची वेधशाळा 1826 ची आहे. मोठ्या शहरांचं, धरणांचं भागतं. पण आडगावात नेमका किती पडला हे ज्याच्या वहीत असेल तोच सांगू शकतो. आणि अशा वह्या आहेत. निवृत्त मास्तरांकडे, जुन्या बागायतदारांकडे, साखर कारखान्यांच्या शेतकी विभागात, एखाद्या मठात पंचांगाच्या समासातसुद्धा.

म्हणून हे वाचणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. घरात, माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत अशी वही असेल तर ती रद्दीत घालू नका. पावसाची असेल, नदीच्या पुराची असेल, आंब्याला मोहोर कधी आला याची असेल, चढणीचे मासे कुठल्या तारखेला चढले याची असेल. प्रत्येक पानाचा उजेडात, सरळ धरून फोटो काढा. गावाचं नाव, तालुका, वही कुणी लिहिली आणि कुठल्या वर्षांची आहे, एवढं पहिल्या फोटोसोबत लिहून ठेवा. आणि फोटोंची एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या कुणाकडे राहू द्या. वडिलांच्या वह्यांचं काम मी या दिवाळीनंतर सुरू केलंय. पहिल्या वहीचा जून टाइप करून झाला, आता जुलैत आहे. त्यांचा सात आणि एक यांत मला अजून फरक कळत नाही, म्हणून भावालाही तीच पानं वेगळी टाइप करायला बसवलंय. जिथे आमचे आकडे जुळत नाहीत ते दिवस आम्ही लाल करून ठेवतो आणि रविवारी फोनवर एकेक करून भांडून सोडवतो.